तांबड्या तेलाचा डाग: जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पॅकिंगचा आढावा

गाडी चार दिवस उभी राहिली आणि खाली तांबडा डाग पडला, की तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा (फार तर पॉवर स्टिअरिंगचा) आहे, एवढ्यावर जुन्या अमेरिकी गाड्यांच्या मालकांचे एकमत असते. पुढे फाटे फुटतात. पॅकिंग कॉर्कचे घ्यावे की रबराचे, जुन्या साठ्यातले की नव्याने कापलेले, सिलिकॉन लावून बसवावे की कोरडे, बोल्ट किती आवळावेत, या प्रत्येक प्रश्नाला किमान दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही उत्तरे देणारे लोक हात काळे केलेले आहेत.

या लेखाची व्याप्ती मर्यादित आहे: १९४० ते साधारण १९७५ या काळातले अमेरिकी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि तेच वापरणाऱ्या काही युरोपी गाड्या. बोर्ग-वॉर्नर आणि मर्सिडीज यांचे घराणे वेगळे, त्यांना स्वतंत्र लेख हवा. माझे निरीक्षण सुरुवातीलाच नोंदवतो. यातले बरेचसे वाद होतात ते दोन माणसे गिअरबॉक्समधल्या दोन वेगळ्या जागांबद्दल बोलत असतात म्हणून. जागा ठरली की निम्मे मतभेद आपोआप मिटतात. उरलेले मात्र खरे आहेत.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक दिले. चार गती, आणि टॉर्क कन्व्हर्टरऐवजी साधे फ्लुइड कपलिंग. पुढच्या वर्षी ते कॅडिलॅकमध्ये आले, आणि युद्धात एम-५ स्टुअर्ट रणगाड्याच्या दोन कॅडिलॅक इंजिनांमागे दोन हायड्रामॅटिक बसले. नंतर रांगच लागली: १९४८ मध्ये ब्यूकचे डायनाफ्लो, १९५० मध्ये शेवरोलेचे पॉवरग्लाइड, १९५१ मध्ये फोर्डोमॅटिक, १९५६ मध्ये क्रायस्लरचे टॉर्कफ्लाइट. १९६४ मध्ये तीन गतींचे टर्बो हायड्रामॅटिक ४०० आले आणि पुढची अनेक वर्षे मोठ्या गाड्यांत तेच राहिले.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेल दातांना वंगण देते. थोडे गळाले तरी गाडी चालते. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलण्याचे कामच तेल करते. पंप त्याला दाब देतो, तो दाब कुठे जायचा ते व्हॉल्व्ह बॉडी ठरवते आणि त्या दाबाने क्लच व बँड आवळले जातात. म्हणून इथे पॅकिंगच्या दोन जाती होतात. तळाच्या चेंबरचे पॅकिंग तेल बाहेर पडू देत नाही, पण त्याच्यावर दाब जवळपास नसतो. पंपाचे आणि व्हॉल्व्ह बॉडीचे पॅकिंग तेलाच्या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवते. तिथे चौरस इंचाला साधारण ६० ते १५० पौंड, आणि रिव्हर्समध्ये त्याहून बराच जास्त दाब असतो. पहिले बिघडले तर जमीन घाण होते. दुसरे बिघडले तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, पण क्लच घसरून जळतात.

आधी गिअरबॉक्स ओळखणे

पॅकिंग मागवताना बहुतेक जण गाडीचे नाव आणि वर्ष सांगतात. या बाबतीत जाणकारांत मतभेद नाहीत: ही पद्धत भरवशाची नाही.

सर्वांत बोलके उदाहरण १९५३ चे. त्या वर्षी १२ ऑगस्टला मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. उत्पादन विलो रनला हलेपर्यंत कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलच्या काही गाड्यांत ब्यूकचे डायनाफ्लो बसवले गेले, काही पाँटियाकमध्ये पॉवरग्लाइड. म्हणजे १९५३ च्या कॅडिलॅकसाठी हायड्रामॅटिकचा संच मागवला आणि तो बसलाच नाही, तर विकणाऱ्याला दोष देण्याआधी गाडीखाली जाऊन बघावे. हायड्रामॅटिकमध्येही १९५६ मध्ये रचना मुळापासून बदलली, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे संच एकमेकांना चालत नाहीत.

रोल्स-रॉइसची गोष्टही अशीच. या कंपनीने परवाना घेऊन हायड्रामॅटिक इंग्लंडमध्ये क्रू इथे स्वतः बनवले. १९५५ च्या सिल्व्हर क्लाउडमध्ये तेच आहे. १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो आली तेव्हा डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांना टर्बो हायड्रामॅटिक ४०० मिळाले, उजव्या हाताच्या गाड्यांत मात्र सुरुवातीची काही वर्षे जुने चार गतींचेच राहिले. भारतातल्या शॅडोंकडे बघताना हे विसरून चालत नाही.

टर्बो ४०० पुढे जॅग्वारच्या बारा सिलिंडरच्या गाड्यांत आणि १९७६ च्या फेरारी ४०० ऑटोमॅटिकमध्येही गेले. त्यामुळे फेरारीच्या चेंबरचे पॅकिंग शेवरोलेच्या ट्रकच्या पॅकिंगच्या भावात मिळू शकते. पाकिटावर कुठले चिन्ह छापले आहे यावर किंमत ठरते.

ओळखीची सोपी खूण म्हणजे चेंबरचा आकार आणि बोल्ट. टर्बो ३५० आणि टर्बो ४०० दोन्हींना १३ बोल्ट, पण ३५० चे चेंबर एक कोपरा छाटलेल्या चौकोनासारखे आणि ४०० चे वेडेवाकडे. पॉवरग्लाइडला आणि टॉर्कफ्लाइट ७२७ ला १४, फोर्डच्या सी-४ ला ११, सी-६ ला १७. खात्री मात्र गिअरबॉक्सच्या केसवरच्या प्लेटवरून किंवा कास्टिंग नंबरवरूनच करावी.

माल कुठून आणायचा: तीन वाटा

पहिली वाट जुन्या साठ्याची, म्हणजे त्या काळी बनलेला पण कधीच न वापरलेला माल. याच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे असे, की माप कारखान्याचे, जाडी कारखान्याची, भोके जागच्या जागी. शिवाय स्पर्धेत किंवा प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला मूळ भागच शोभतो. विरोधकांचे म्हणणेही तितकेच ठोस आहे. साठ वर्षे पाकिटात राहिलेले कॉर्क आक्रसते, कागद वाळून लहान होतो, रबर कडक होते. आक्रसलेले कॉर्क कोमट पाण्यात भिजवून मापावर आणण्याची जुनी युक्ती आहे आणि ती चालतेही. पण कॉर्कचे कण धरून ठेवणारा चिकटपणाच मेला असेल तर भिजवून काय होणार, हा प्रश्न उरतो. एक मध्यम मार्ग अनेकांनी स्वीकारला आहे: जुन्या संचातले धातूचे भाग, म्हणजे सीलिंग रिंगा आणि थ्रस्ट वॉशर, वापरायचे, कॉर्क, कागद आणि रबर नमुना म्हणून जपून ठेवायचे.

दुसरी वाट नव्याने बनणाऱ्या संचांची. टर्बो ४००, पॉवरग्लाइड, टॉर्कफ्लाइट यांचे संच आजही भरपूर मिळतात, कारण हे गिअरबॉक्स शर्यतीत आणि ट्रकांत अजून चालतात. १९५६ आधीचे हायड्रामॅटिक आणि डायनाफ्लो यांच्यासाठी अमेरिकेतले थोडे खास दुकानदार आहेत. इथली तक्रार गुणवत्तेपेक्षा सरमिसळीची आहे. एकच संच अनेक वर्षांना चालावा म्हणून त्यात दोन-तीन प्रकारची पॅकिंग भरलेली असतात. त्यातले नेमके कोणते आपले, हे बसवणाऱ्याने ठरवायचे. व्हॉल्व्ह बॉडीच्या बाबतीत ही निवड जिवावरची असते. व्हॉल्व्ह बॉडी आणि केस यांच्यामधल्या सेपरेटर प्लेटच्या दोन बाजूंची दोन पॅकिंग वरवर सारखी दिसतात, पण एकातल्या एका भोकाने सगळा फरक पडतो. जुने पॅकिंग, नवे पॅकिंग आणि प्लेट एकावर एक ठेवून उजेडासमोर धरायची, आणि प्रत्येक वाट उघडी असायला हवी तिथे उघडी, बंद हवी तिथे बंद आहे का ते पाहायचे. एवढे केल्याशिवाय स्क्रू लावू नये. (टॉर्कफ्लाइटवाल्यांना ही कटकट नाही, त्यांच्या व्हॉल्व्ह बॉडीत धातूवर धातू बसतो, मध्ये पॅकिंगच नाही.)

तिसरी वाट कापून घेण्याची. पूर्वी हे काम हातोडी आणि पंच यांचे होते, आता प्लॉटरचे आणि लेझरचे आहे. जुने पॅकिंग स्कॅन करायचे, संगणकावर रेघा नीट करायच्या, हव्या त्या शीटमधून कापायचे. इथे मतभेद आहे तो स्कॅन कशाचा करायचा यावर. जुने पॅकिंग स्कॅन करणे सोपे, पण ते वाळून आक्रसलेले असते आणि ती चूक नव्यात उतरते. म्हणून दुसऱ्या पक्षाचे लोक केसचा काठच कागदावर उतरवून घेतात. सेपरेटर प्लेटवरून आकार घ्यावा असेही सुचवले जाते, पण प्लेटची भोके मुद्दाम लहान, मोजून केलेली असतात. पॅकिंगची भोके केसमधल्या नागमोडी वाटांप्रमाणे मोठी असतात. प्लेटवरून कापलेले पॅकिंग बाहेरून बरोबर आणि आतून चूक निघू शकते. मला केसवरून माप घेणारा पक्ष अधिक पटतो. वेळ जास्त लागतो, हे त्याचे विरोधक सांगतात आणि ते खरे आहे.

कॉर्क, रबर, कागद

चेंबरसाठी चार पर्याय रूढ आहेत: कॉर्क, कॉर्क-रबर मिश्रण, नुसते रबर, आणि पोलादी पत्र्याच्या गाभ्यावर दोन्ही अंगांनी रबर चढवलेले पॅकिंग.

कॉर्कच्या पेशींत हवा असते, त्यामुळे दाबले की ते जागीच दबते, बाजूला सरकत नाही. पातळ पत्र्याच्या, थोड्या वाकड्यातिकड्या चेंबरला ते सांभाळून घेते. पण गरम-थंड होता होता ते बसते, बोल्ट ढिले पडतात. रबराचे उलट: त्याचे आकारमान कमी होत नाही, दाबले की ते बाजूला पळते. तेलकट काठावर मऊ रबर जास्त आवळले तर बोल्टांच्या मधल्या भागात ते बाहेर डोकावते. मिश्रण या दोहोंच्या मधले. पोलादी गाभ्याचे महाग असते, पण ते चिरडत नाही आणि पुन्हा वापरता येते. ते मिळत असेल तर बाकीचा वादच नको, असे म्हणणारे वाढत आहेत. त्यांना मिळणारे उत्तर असे, की ते १९६० नंतरच्या लोकप्रिय गिअरबॉक्ससाठीच मिळते, आणि बाहेरून दिसतेही.

दिसण्याचा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हिने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद मूळ साहित्याला आणि मूळ कार्यपद्धतीला प्राधान्य देते. पण सुरक्षितता, अनुपलब्धता किंवा कायद्याची बंदी असेल तिथे पर्यायी साहित्य वापरायला मुभाही देते. दोन्ही बाजूंचे लोक तिचाच आधार घेतात.

कायद्याच्या बंदीचा संबंध ॲस्बेस्टॉसशी येतो. त्या काळच्या गॅस्केट-शीटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याची शक्यता धरूनच चालावे. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघात ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून आयातबंदी आहे, आणि जुन्या गाड्यांचे गॅस्केटसुद्धा तिथे सीमेवर तपासले गेले आहेत. तेव्हा जुना कागद कोरडा खरवडू नये. आधी तेलाने किंवा पाण्याने भिजवावा आणि ग्राइंडर लावू नये.

बसवणे

इथे सर्वांत जास्त मतभेद असतील असे वाटते, पण पहिली पायरी निर्विवाद आहे. पत्र्याच्या चेंबरचा काठ सरळ करायचा. आधीच्या कोणीतरी बोल्ट आवळून आवळून भोकाभोवती खळगे पाडलेले असतात. त्यांची उंच बाजू पॅकिंगला टोचते आणि मधला भाग सुटा राहतो. सपाट लोखंडावर काठ ठेवून हातोडीने ते खळगे बसवायचे, मग पट्टी लावून पाहायचे. हे न करता पॅकिंगची जात बदलत राहणारे खूप आहेत. केसचा काठ साफ करताना घासणाऱ्या गोल चकत्या वापराव्यात का? काम झटपट होते, पण ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि चकतीची पूड आत गेली तर बेअरिंग संपतात. जनरल मोटर्सने पुढे इंजिनांच्या बाबतीत नेमक्या याच कारणाने तशा चकत्यांविरुद्ध सूचना काढली होती.

आता आवळणे. टर्बो ४०० च्या चेंबरसाठी पुस्तकातला आकडा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ न्यूटन-मीटर. एक पक्ष तोच पाळतो. दुसरा म्हणतो, हा आकडा कारखान्यातल्या पॅकिंगसाठी आणि नव्या काठासाठी. आज मिळणाऱ्या मऊ कॉर्कला त्याच्या निम्मा ताण पुरे, नाहीतर ते फुटून बाहेर येते. गाडी गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा आवळावे की नाही, हाही उपप्रश्न आहे. कॉर्क बसते म्हणून आवळावे, हे बरोबर. पण दर महिन्याला थोडे थोडे आवळत राहणारा शेवटी तेच खळगे परत पाडतो, हेही बरोबर. एकदा आवळून थांबणे ही बहुतेकांची तडजोड आहे.

सिलिकॉनवरचा वाद जागा ठरवली की बराचसा सुटतो. गिअरबॉक्सच्या आत ते नको, यावर कारागिरांचे जवळपास एकमत आहे: दाबल्यावर आतल्या बाजूला आलेली त्याची शेपटी तुटते आणि गाळणीत किंवा व्हॉल्व्हच्या वाटेत अडकते. चेंबरला मात्र काही जण पातळ थर लावतात, आणि क्रायस्लरने नंतरच्या काळात काही गिअरबॉक्सची चेंबर कारखान्यातच पॅकिंगविना सिलिकॉनवर बसवली, हा दाखला देतात. तो दाखला खरा आहे, पण तिथे काठ नवा, कोरडा आणि एकसारखा असतो. तेलाचा अंश राहिलेल्या साठ वर्षांच्या काठावर सिलिकॉन धरत नाही. वर ते ओले असताना कॉर्क त्याच्यावरून निसटते.

आतली पॅकिंग जुळणीच्या वेळी जागेवर धरायला पांढरे व्हॅसलीन वापरतात. ते गरम तेलात विरघळून जाते. चेसिसचे ग्रीस विरघळत नाही, म्हणून ते टाळायचे. इकडे शेलॅक लावण्याची जुनी सवय आहे. इंजिनाच्या पाण्याच्या जोडांना ती ठीक, व्हॉल्व्ह बॉडीला नाही.

पॅकिंग निर्दोष असते तेव्हा

उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरते, पातळी काठाच्या वर जाते आणि एरवी कोरड्या असलेल्या जागा तेलात बुडतात. रोज चालणाऱ्या गाडीला जे पॅकिंग पुरते ते प्रदर्शनाच्या गाडीला पुरत नाही, त्याचे हे कारण. शिवाय गिअर-लिव्हरच्या शाफ्टचे सील, तेल मोजायच्या नळीची ओ-रिंग, स्पीडोमीटरचा जोड, पंपाचे पुढचे सील यांपैकी कुठूनही आलेले तेल वाऱ्याने मागे सरकून चेंबरच्या काठावरून ठिबकते. सिल्व्हर क्लाउडमध्ये ब्रेकचा यांत्रिक सर्व्हो गिअरबॉक्सवरूनच फिरतो. तिथले सील गेले तर तेल जमिनीवर नव्हे, सर्व्होच्या लाइनिंगवर जाते आणि गळती आहे हे ब्रेक दाबल्यावर कळते. टर्बो ४०० च्या, इंजिनाच्या निर्वाताशी नळीने जोडलेल्या मॉड्युलेटरचा पडदा फाटला की इंजिन तेल ओढून घेते: तेल कमी होते, जमीन कोरडी आणि धुराड्यातून पांढरा धूर. तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहिल्याशिवाय चेंबर उघडू नये, असा सल्ला आता सर्रास दिला जातो.

इकडचे चित्र

शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी-कारखाना १९२८ ते १९५४ चालला, पण तिथून निघालेल्या गाड्या बहुतांश हाताने गिअर बदलायच्या. ऑटोमॅटिक आल्या त्या संस्थानिकांच्या, वकिलातींच्या आणि हौशी श्रीमंतांच्या आयात गाड्यांतून. संख्या कमी, म्हणून सुटे भाग साठवणारे दुकानही नाही. टॅलब्रॉस, बँकोसारख्या देशी कंपन्या गॅस्केट बनवतात, ती मुख्यतः इथल्या चालू गाड्यांसाठी.

म्हणून परदेशातून संच मागवणे आणि इथे कापून घेणे या दोनच वाटा उरतात. लांबलचक कॉर्क घडी घालून पाकिटात येते आणि घडीवरच मोडते, हा नेहमीचा ताप. हाताने कापण्याची कला आपल्याकडे पक्की आहे. शीट काठावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे, धार उमटली की शीट सुटते, भोके पंचने पाडायची. चेंबरसाठी हे उत्तम. केसच्या ॲल्युमिनियमच्या आतल्या वाटांवर तेच ठोके मारले तर कडा मोडतात. तिथे शीट भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या लेझरवाल्याकडे नेलेली बरी. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी ही त्यातली अट. चेंबरच्या पॅकिंगपर्यंत ती कोणी ताणत नाही.

न सुटलेले प्रश्न

रबर किती वर्षे साठवलेले चालते, याला दोन अधिकृत उत्तरे आहेत. आयएसओ २२३० हे मानक नायट्राइल रबराला ७ वर्षे आणि तपासून आणखी ३ देते. विमान उद्योगातले एआरपी ५३१६ त्याच नायट्राइलला १५ वर्षे देते. जुन्या साठ्याच्या पाकिटावर बनावटीचे वर्ष क्वचितच असते, म्हणून दोन्ही आकडे हाताशी असूनही उपयोग होत नाही. दुसरा प्रश्न तेलाचा. १९४९ चे टाइप ए गेले, डेक्सरॉन ३ चा परवानाही जनरल मोटर्सने २००६ च्या अखेरीस थांबवला. डेक्सरॉन ६ जुन्या गिअरबॉक्सनाही चालते, असे कंपनी म्हणते. पण गरम असताना ते जुन्यापेक्षा पातळ आहे, आणि ते घातल्यावर पूर्वी न गळणारे जोड पाझरू लागले असे सांगणारे मालक थोडे नाहीत. त्यात तेलाचा दोष किती आणि वय झालेल्या सीलचा किती, हे एका गाडीवरून ठरत नाही.

तिसरा प्रश्न जाडीचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंपाखालचा कागद किती दबतो यावर आतल्या शाफ्टची लांबीच्या दिशेची मोकळीक अवलंबून असते. टर्बो ४०० च्या पुढच्या भागात ती ०.००३ ते ०.०२४ इंच असावी, असे पुस्तक सांगते. जुना कागद आता बनत नाही, आणि नवा प्रत्येक उत्पादकाचा वेगळा दबतो. मूळ जाडीचेच शीट शोधत बसावे, की मिळेल ते पॅकिंग घालून डायल गेजने मोकळीक मोजावी आणि वेगवेगळ्या जाडीचे सिलेक्टिव्ह वॉशर बदलून ती जुळवावी, यावर कारागिरांत दोन तट आहेत. दुसऱ्या पद्धतीला वॉशरांचा पूर्ण संच हाताशी लागतो, आणि १९५६ आधीच्या हायड्रामॅटिकसाठी तो मिळवणे पॅकिंग मिळवण्याहून अवघड आहे.